ताप कुणाच्या पावलांनी घरात येतो?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ४८, पतसंस्थेत नोकरी. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना जुना दमा आणि साखरेचा त्रास. यजमान ५३ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. मुलगा पुण्यात शिकतो, दर शनिवारी एसटीने घरी येतो. मुलीला सातवा महिना लागला आहे, डोहाळजेवण झालं की तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं आहे. बाळ सप्टेंबरात येईल.

ताई लिहितात: "आमच्या डॉक्टरांनी यंदा फ्लूची लस घ्या म्हणून सांगितलं. एका माणसाला दीड-दोन हजार रुपये पडतात. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सासूबाईंना दिली होती. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि पुढे आठवडाभर खोकत होत्या. आता त्या लशीचं नावसुद्धा काढू देत नाहीत. एरवी त्या घराबाहेरही पडत नाहीत, मग त्यांना गरज तरी आहे का? यजमान म्हणतात, आपण आजवर कधी घेतली होती? जाऊबाई म्हणतात, ताप येऊन गेला की अंग घट्ट होतं, टोचायचं कशाला. मुलीला तर या दिवसांत काही टोचून घ्यायची धास्तीच वाटते. घ्यायची तर सगळ्यांनी घ्यावी, की कुणीच घेऊ नये? आणि सासूबाईंना बळजबरी करावी का?"

*

ताई, मी पुण्यात बत्तीस वर्षं दवाखाना चालवला. तुमच्या पत्रातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून कुणी ना कुणी विचारलेला आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यात अडकलं आहे. "सगळ्यांनी घ्यावी की कुणीच नको?" घरातले सगळे एका मापाचे असते तर हा प्रश्न ठीक होता. तुमच्या घरात मात्र दम्याच्या सासूबाई आहेत, पोटुशी मुलगी येणार आहे आणि सप्टेंबरात पाळणा हलणार आहे. उद्या फ्लू घरात शिरला तर तुमचा मुलगा चार दिवस पांघरूण घेऊन पडेल आणि पाचव्या दिवशी क्रिकेट खेळायला जाईल. तोच ताप सासूबाईंना दवाखान्यात नेऊन झोपवू शकतो. तेव्हा लस चांगली की वाईट हे थोडं बाजूला ठेवा. या घरात ताप आला तर सगळ्यात जास्त कुणाला सोसावं लागेल आणि तो कुणाच्या पावलांनी आत येईल, एवढंच आधी बघा. उत्तर तिथूनच सापडत जाईल.

सासूबाईंचा गेल्या वर्षीचा ताप मला नीट समजून घ्यायचा आहे. तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्या म्हणतात तसा त्यांना ताप आला, खोकला झाला, हे खरंच आहे. "तो लशीने नव्हता हो" असं फटकन म्हटलं की म्हातारं माणूस दुखावतं आणि पुढचं काही ऐकत नाही.

इंजेक्शनने देतात त्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तो निष्क्रिय केलेला असतो, बहुतेक लशींत तर त्याचे तुकडेच असतात. तुकड्यांना अंगात वाढता येत नाही, म्हणून या लशीने फ्लू होऊच शकत नाही. पण दंड दुखतो, अंग मोडून आल्यासारखं वाटतं, कधी कणकण येते. हा त्रास बहुधा पहिल्या दिवशीच सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. नाक गळणं आणि आठवडाभराचा खोकला ही लशीची खूण नाही. तुम्ही लिहिता, ताप तिसऱ्या दिवशी आला, खोकला आठवडाभर राहिला. महिना कोणता, तर ऑगस्ट. आपल्याकडे पावसाळा म्हणजे तापाचा भर. जुलै ते सप्टेंबरमध्ये माझ्या दवाखान्याच्या पायरीवर छत्र्यांची रांग लागायची. लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती उभी राहायला साधारण दोन आठवडे लागतात. सासूबाईंना लस मिळाली तेव्हा कुठला तरी विषाणू बहुधा घरात येऊन बसलाच होता, किंवा लगोलग आला. तो फ्लूचाच होता असंही म्हणता येत नाही, पावसाळ्यात फिरणारे सर्दी-खोकल्याचे विषाणू कितीतरी आहेत आणि फ्लूची लस त्यांतला एकही अडवत नाही. म्हणजे गेल्या वर्षी लस वाईट निघाली असं नाही, तिला उशीर झाला. हे तुम्ही त्यांना सांगू शकता आणि त्यात त्यांना खोटं पाडल्यासारखं काही होणार नाही.

यजमानांच्या म्हणण्यातही एक खरी गोष्ट दडलेली आहे. लस घेऊनही फ्लू होतो. ज्या वर्षी लशीतला विषाणू आणि गावात फिरणारा विषाणू चांगला जुळतो, त्या वर्षी डॉक्टरकडे जायला लागेल असा फ्लू होण्याची शक्यता लशीमुळे साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. लस न घेतलेल्यांत दहा जण आजारी पडले असते, तिथे घेतलेल्यांत चार ते सहा पडतात. वय वाढलं की हा फायदा आणखी उतरतो, सासूबाईंच्या वयात तर नक्कीच. हे आकडे मी कुणापासून कधी लपवले नाहीत. "लस घ्या, काही होणार नाही" असं सांगितलं आणि त्या माणसाला ताप आला, की त्याचा लशीवरचा विश्वास जातो आणि डॉक्टरवरचाही. लशीचं मोठं काम पुढचं आहे: ताप आला तरी न्यूमोनियापर्यंत, ऑक्सिजनपर्यंत जाऊ नये. हेल्मेट घातलं म्हणून गाडी घसरायची थांबत नाही. डोकं मात्र वाचतं.

दरवर्षी का घ्यायची, तर त्याला दोन कारणं आहेत. अंगातली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत उतरते आणि विषाणू दर मोसमात रूप पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार घालायचे ते नव्याने ठरवते. आपल्या देशातले विषाणू ओळखून काढण्याचं काम पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत चालतं. देवीची लस काही दरवर्षी टोचावी लागत नव्हती, त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीला "दरवर्षी" हा शब्दच पटत नाही. ते मी समजू शकते.

जाऊबाई म्हणतात की ताप येऊन गेला की अंग घट्ट होतं. त्या तापापुरतं ते खरं आहे, काही काळापुरतं. पण त्या घट्टपणाची किंमत कोण मोजतं? १९१८ साली मुंबईच्या बंदरातून साथ देशभर पसरली, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. सासूबाईंच्या आईने किंवा आजीने तो शब्द घरात उच्चारला असेल. हिंदुस्थानात त्या एका साथीने एक कोटीहून जास्त माणसं नेली. तो इन्फ्लुएंझाच होता, ज्याला आज आपण फ्लू म्हणतो. तेव्हा लस नव्हती, ऑक्सिजन सहज मिळत नव्हता. आजचा फ्लू तसा नाही आणि तुम्हाला घाबरवायचंही नाही. पण "साधा ताप" या दोन शब्दांवर माझा विश्वास उरलेला नाही. त्याचं कारण आता सांगते.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळकरी मुलगी होती, १४ वर्षांची. त्यानंतरचे दिवस पुण्यातलं कुणी विसरलेलं नाही. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, औषधांच्या दुकानांत मास्क संपलेले, लोक तोंडाला रुमालाची घडी बांधून फिरताहेत आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीची रांग. त्या वर्षी डॉक्टरांनी एक गोष्ट नीट पाहिली. धडधाकट तरुण बायका, ज्यांना एरवी सर्दीशिवाय काही होत नाही, त्या गरोदर असल्या तर भराभर खालावत होत्या.

ही गोष्ट मला माहीत होती. तरी पुढे काही वर्षांनी माझ्या हातून चूक झालीच. माझ्याकडे नेहमी येणारी एक मुलगी, सातवा महिना, पहिलटकरीण. जूनमध्ये ती साखर आणि रक्तदाब दाखवायला आली होती. मी हिमोग्लोबिन बघितलं, पायांवरची सूज बघितली, गोळ्या लिहून दिल्या. फ्लूच्या लशीचा विषय मी काढला नाही. बाहेर गर्दी होती, आणि ते काम तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टर करतील असं मी मनाशी धरलं. ऑगस्टमध्ये तिचा नवरा तिला रिक्षातून घेऊन आला. तिची फाइल त्याने साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरली होती, पाऊस होता म्हणून. तिला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. "कालपासून," म्हणाली आणि थांबली. मग श्वास घेऊन, "जरा जास्त." बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ८९ आला. अकरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. ती वाचली. बाळ वेळेआधी झालं, तेही वाचलं. पण जूनमधल्या त्या दिवशी मी दोन मिनिटं काढून बोलले नाही, हे माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यानंतर एकही गरोदर बाई माझ्याकडून हा विषय न ऐकता गेली नाही.

म्हणून ताई, तुमच्या पत्रात मुलीला एकच ओळ मिळाली असली, तरी माझ्या यादीत ती पहिली आहे.

तिची धास्ती मला कळते. या दिवसांत आपण पपईसुद्धा विचारून खातो, मग दंडात सुई का टोचून घ्यायची? पण इंजेक्शनची फ्लूची लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात देता येते, जगभर गेली कितीतरी वर्षं देतात. जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांना ही लस आधी द्यावी असं सांगितलं आहे, त्यांत गरोदर स्त्रिया आहेत. बाळ वाढतं तशी फुप्फुसांना खालून जागा कमी पडते, हृदयाला जास्त काम पडतं, प्रतिकारशक्तीचीही घडी बदलते. म्हणून तोच विषाणू तिला जास्त झोंबतो. नाकात फवारतात ती लस मात्र वेगळी. तिच्यात क्षीण केलेला पण जिवंत विषाणू असतो. ती गरोदर बाईला देत नाहीत आणि दमेकऱ्यालाही टाळतात. तुमच्या घरात या दोघी आहेत, म्हणून "दंडातली" एवढा शब्द पक्का लक्षात ठेवा. गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं असेल, तर "तिचं टोचून झालंय" असं बऱ्याच घरांत समजतात. ते वेगळं, हे वेगळं.

आणि बाळाचं काय? फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देताच येत नाही. म्हणजे तुमचं नातवंड सप्टेंबरात येईल ते थेट मार्चपर्यंत लशीशिवाय राहील. अगदी पावसाळ्याच्या शेपटाला जन्मणार आणि जानेवारी ते मार्चमध्ये जी दुसरी, थोडी लहान लाट येते तीही त्याच्या वाट्याला. त्याला एकच वाट आहे, आईने घेतलेल्या लशीतून तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून त्याच्याकडे जातात, नंतर दुधातूनही काही मिळतात. बांगलादेशातल्या गरोदर स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आयांना फ्लूची लस दिली होती, त्यांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने खात्री झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला. एक टोचणं आणि दोघांची सोय. मी इतकी वर्षं औषधं लिहिली, एवढं देणारं फार काही हाती आलं नाही.

आता "सासूबाई घराबाहेर पडत नाहीत". ताई, त्यांना जायची गरज नाही, ताप त्यांच्याकडे येतो. शनिवारच्या एसटीने येतो. खिडक्या लावलेल्या, बाहेर पाऊस, मागच्या बाकावर कुणीतरी खोकतंय, तुमचा मुलगा कानात गाणी लावून बसलाय. रविवारी दुपारी तो आजीच्या खाटेवर बसून तिच्याशी गप्पा मारतो. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आधी एक दिवसापासून विषाणू पसरवू शकतो, म्हणजे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. पतसंस्थेच्या खिडकीशी दिवसभर माणसं येतात, ती वाट तुमची. शिवाय बाळंतपणाच्या सुमारासच गौरी-गणपती. त्या दिवसांत तुमच्या घरी किती चपला दारात असतात, ते तुम्हीच मोजा.

पैशाचं बोलू. पाच माणसांचे आठ-दहा हजार ही लहान रक्कम नाही, यजमानांच्या कपाळाला आठी पडली तर ती वावगी नाही. एकदम सगळ्यांचं जमत नसेल तर मी असा क्रम लावीन: मुलगी, सासूबाई, मग तुम्ही. तुम्ही तिसऱ्या, कारण बाळाची न्हाणी-शेकशेगडी तुमच्याच हातून होणार, सासूबाईंचं पथ्यपाणीही तुम्हीच बघता. घर तुमच्यावर उभं आहे आणि दोन्ही नाजूक जीव तुमच्या हाताच्या अंतरावर असणार. यजमान चौथे, पण त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, तपासून खात्री केलेला फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सहापट आढळला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाने ही गोष्ट ऐकून ठेवलेली बरी. मुलगा शेवटी. त्याचं जमलं नाही तर निदान एक नियम त्याच्याकडून पाळून घ्या, घसा खवखवत असेल तर त्या शनिवारी घरी यायचं नाही.

पैसे भरण्याआधी एक काम करा. फ्लूची लस पोलिओ-गोवरासारखी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. पण महाराष्ट्रात गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबासारखे जोखमीचे रुग्ण यांना ती सरकारी दवाखान्यांतून मोफत दिली गेली आहे. साठा नेहमी असतोच असं नाही. तुमच्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथे नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात. तुमच्या घरातल्या तिघांना याचा लाभ होऊ शकतो. विचारण्यात संकोच नको.

खासगीत घेणार असाल तर खोकं हातात घेऊन वाचा. डॉक्टर स्वतः लस आणून देतात तेव्हा "यांचा यात किती सुटतो?" अशी शंका लोकांच्या मनात येते. शंका आली तर छापील किंमत बघावी, बिल मागावं, कुणी रागावू नये. मुदत संपायची तारीख बघा आणि लस या मोसमाची आहे ना, ते विचारा, गेल्या वर्षीचा उरलेला साठा नको. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते, गोठूनही चालत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतः विकत घेऊन पिशवीतून दवाखान्यात नेणं टाळा. लस विषाणूच्या चारऐवजी तीन प्रकारांची मिळाली म्हणून ती हलकी समजू नका. चौथा होता त्या बी-यामागाटा प्रकाराचा विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही, म्हणून तो आता लशीतून वगळत आहेत. आणि "स्वाइन फ्लूची लस वेगळी घ्यायची का?" असं खूप जण विचारतात. वेगळी नाही. २००९ चा तो विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक झाला आहे आणि दरवर्षीच्या लशीत असतोच.

वेळेचं म्हणाल तर महाराष्ट्रात पावसाआधी, एप्रिल ते जूनमध्ये घेतलेली उत्तम. तुमचं पत्र जूनचं आहे, उशीर झालेला नाही. हे उत्तर कुणी जुलै-ऑगस्टमध्ये वाचत असेल तर त्यांनीही आता राहिलंच म्हणून सोडून देऊ नये. लस घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच बसा. त्या दिवशी चढा ताप असेल तर उतरल्यावर जा. पूर्वी या लशीने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल, किंवा लस घेतल्यावर काही आठवड्यांत हातपाय लुळे पडण्याचा आजार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. तसं होणं फार विरळा आहे, दहा लाख डोसांमागे एखाद-दुसरं, पण सांगावं. अंड्याची अ‍ॅलर्जी आता आडकाठी मानत नाहीत. लहान मुलांच्या आईबापांसाठी एवढंच: सहा महिने ते आठ वर्षं वयाच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

आता सासूबाई आणि बळजबरी. बळजबरी नको. त्यांना मधुमेह आहे, दमा आहे, वय आहे, पण अंग त्यांचं आहे आणि त्यांची बुद्धी शाबूत आहे. हात धरून टोचलेली लस घरात वर्षभर बोलत राहते. मी एक पाहिलं आहे, म्हातारी माणसं "तुमच्यासाठी घ्या" म्हटलं की नाही म्हणतात, "आता माझं काय राहिलंय" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पणतवंडाचं बोला. ते सहा महिने विनालशीचं असणार हे त्यांना नीट सांगा, आणि मांडीवर घेऊन टाळूला तेल लावायचं काम त्यांचंच आहे हेही सांगा. गेल्या वर्षीच्या तापाबद्दल त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. मग तारखा मांडा: टोचलं केव्हा, ताप केव्हा, खोकला किती दिवस. डॉक्टरांकडे दोघी एकाच दिवशी जा आणि आधी तुम्ही टोचून घ्या, त्यांच्यासमोर. जपमाळ कुठल्या हाताने ओढतात ते बघून दुसऱ्या दंडात द्यायला सांगा, दोन दिवस दंड दुखला तरी जप अडायचा नाही. दुसऱ्या दिवशी कणकण आली तर ती अपेक्षित आहे हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. न सांगता आलेली कणकण माणसाला फसवल्यासारखी वाटते. जमलं तर त्याच भेटीत न्यूमोनियाच्या लशीचंही विचारा. ती वेगळी लस आहे, दमा आणि मधुमेह असलेल्या माणसाला उपयोगी पडते.

एवढं करूनही त्या नाहीच म्हणाल्या, तर मग बाकीचे जास्त जपा. तुम्ही, यजमान आणि जमलं तर मुलगा, तिघांनी घेतली की त्यांच्यापर्यंतची वाट बरीच अरुंद होते. दम्याचा पंप त्या रोज घेतात का आणि नीट ओढतात का, हे एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा. कितीतरी लोकांचं बरंचसं औषध फुप्फुसात जातच नाही, तोंडात-घशातच बसतं. खोकणाऱ्याने त्यांच्या खोलीत मास्क लावून जावं, खिडकी उघडी ठेवावी. काढा द्या, हळदीचं दूध द्या, घशाला बरं वाटतं, पण काढ्यात गूळ घालताना त्यांची साखर आठवा, तापात ती तशीही वाढते. काढ्याने फ्लू अडत नाही.

सासूबाईंना किंवा मुलीला ताप-खोकला झाला तर "दोन दिवस बघू" करू नका. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर नावाचं औषध आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि ते गरोदरपणातही देतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "सातवा महिना आहे" किंवा "दमा आणि साखर आहे". घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढून देऊ नका, विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळसर, सारखी ग्लानी, ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली, किंवा मुलीला बाळाची हालचाल कमी जाणवणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या.

सासूबाईंचं मन वळायला दोन-चार आठवडे लागतील, लागू देत. पण त्यासाठी मुलीचं थांबवू नका. ती माहेरी येईपर्यंतही वाट बघू नका, सासरीच घेऊ दे. तिला आज संध्याकाळी फोन करा, पुढची तपासणी कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी "फ्लूची, दंडातली" एवढं तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.